एकाच विद्यार्थ्याची शिकवणी: समोर सुटणारे गणित चाचणीत का सुटत नाही?

प्रश्न: कर्वेनगरकर

नमस्कार. मी विद्यापीठात गणित विषयात एम.एस्सी. करत आहे आणि जूनपासून सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या, दहावीतील एका मुलीची बीजगणिताची आणि भूमितीची शिकवणी तिच्या घरी जाऊन घेतो. मुलगी सेमी इंग्रजीची आहे, कष्टाळू आहे, वह्या नीटनेटक्या ठेवते आणि दिलेला गृहपाठ कधी चुकवत नाही. पूर्वी ती एका मोठ्या क्लासला जात असे. तिथे पन्नास-साठ मुलांसमोर शंका विचारण्याचा तिला संकोच वाटे, म्हणून पालकांनी तिच्या एकटीसाठी शिकवणी लावली.

अडचण अशी आहे, की मी एखादा प्रकार समजावून सांगितला म्हणजे ती 'कळलं दादा' म्हणते, त्याच प्रकारची चार-पाच उदाहरणे माझ्यासमोर बिनचूक सोडवते, आणि तरीही वर्गसमीकरणांवरील घटक चाचणीत तिला 20 पैकी 8 गुण मिळाले. चाचणीतील प्रत्येक उदाहरणासारखे दुसरे उदाहरण आम्ही आधी सोडवलेले होते. उत्तरपत्रिका घरी आल्यावर तीच उदाहरणे तिने माझ्यासमोर पुन्हा सोडवली, तेव्हा जवळजवळ सगळी बरोबर आली. वेळ कमी पडल्याची तिची तक्रार नाही. 'तिथे काही सुचलंच नाही' एवढेच ती म्हणते.

तिच्या वडिलांच्या मते उपाय सोपा आहे: पोर्शन लवकर संपवावा, दिवाळीपर्यंत दोन्ही पुस्तके पूर्ण करावीत आणि नंतर फक्त प्रश्नपत्रिका सोडवून घ्याव्यात. मला मात्र वेग वाढवून हा प्रश्न सुटेल असे वाटत नाही. मी अधिक सविस्तर समजावून सांगावे, की अधिक उदाहरणे द्यावीत, की माझ्या शिकवण्याच्या पद्धतीतच काही बदलायला हवे? ज्यांनी एकेका विद्यार्थ्याला शिकवले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: निवृत्त_मास्तर

तुमच्या प्रश्नातील 'माझ्यासमोर' या शब्दाभोवतीच सगळी अडचण आहे असे मला वाटते. तुमच्यासमोर उदाहरण सुटते तेव्हा नेमके काय घडत असते, ते पुढच्या तासाला तटस्थपणे पाहा. पुस्तकातला एक सरावसंच उघडलेला असतो, त्यातली सगळी उदाहरणे एकाच पद्धतीची असतात, आणि ती पद्धत तुम्ही दहा मिनिटांपूर्वीच समजावून सांगितलेली असते. त्यामुळे समोरचे वर्गसमीकरण अवयव पाडून सोडवायचे, पूर्ण वर्ग करून सोडवायचे की सूत्राने सोडवायचे, हा निर्णय तिला घ्यावाच लागत नाही. शिवाय ती अडखळली की तुम्ही थोडे पुढे झुकता, चुकीच्या दिशेने निघाली की 'हं?' म्हणता, बरोबर निघाली की मान हलवता. मुले या खुणा फार पटकन वाचतात. चाचणीत सरावसंचाचे शीर्षक नसते आणि दादाही शेजारी नसतो. तिथे पहिला निर्णयच घेता येत नाही, आणि त्यालाच ती 'सुचलं नाही' असे म्हणते.

म्हणून पहिला बदल उदाहरणांच्या संख्येत करू नका, त्यांच्या मांडणीत करा. एका कोऱ्या कागदावर सहा-सात उदाहरणे लिहा: एक अवयवांचे, एक सूत्राचे, एक दोन चलांतील रेषीय समीकरणांचे, एक गेल्या वर्षीचे आणि एक असे, की जे वरवर वर्गसमीकरण दिसते पण कंस सोडवल्यावर रेषीय निघते. त्यांपैकी एकही लगेच सोडवायला सांगू नका. प्रत्येकासमोर 'मी हे कसे सुरू करीन आणि का' एवढेच तिला तोंडी सांगू द्या. या कागदाला पंधरा मिनिटे पुरतात आणि तासभराच्या समजावून सांगण्यातून जे कळत नाही ते त्यातून कळते. पाठ्यपुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी असलेला संकीर्ण प्रश्नसंग्रह याच कामाचा असतो, पण बहुतेक शिकवण्यांमध्ये तो 'घरी करून आण' म्हणून सोडून दिला जातो.

दुसरा बदल असा, की पेन तिच्या हातात राहू द्या. शिकवणारा हुशार आणि तरुण असला की त्याला स्वतः सोडवून दाखवण्याचा मोह आवरत नाही, आणि विद्यार्थ्यालाही ते पाहणे सुखाचे वाटते. साठ मुलांच्या वर्गात शिक्षकाला प्रत्येकाचा विचार ऐकणे शक्यच नसते, म्हणून तिथे फळ्यावर सोडवून दाखवावे लागते. तुम्हाला मात्र एकाच मुलीचा विचार पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत ऐकण्याची सोय आहे. ती वापरली नाही, तर एकटीसाठी शिकवणी लावून फरक पडतो तो एवढाच, की वर्ग लहान होतो.

ऐकण्यातून काय हाती लागते याचे एक उदाहरण देतो. −3x = 12 या समीकरणाचे उत्तर 4 असे लिहिणारे विद्यार्थी मी अनेक वर्षे पाहिले. सगळे त्याला चिन्हाचा घोटाळा म्हणतात, लाल पेनाने ऋण चिन्ह घालतात आणि पुढे जातात. 'हे तू कसे केलेस?' असे विचारल्यावर मात्र मुलगा शांतपणे सांगतो, की 'पलीकडे गेले की चिन्ह बदलते, म्हणून −3 चे 3 झाले.' म्हणजे चूक निष्काळजीपणाची नसते. बेरीज-वजाबाकीच्या पक्षांतरासाठी कोणीतरी शिकवलेला नियम त्याने प्रामाणिकपणे भागाकाराला लावलेला असतो. हे एकदा कळले की दोन्ही बाजूंना समान क्रिया करण्याची मूळ कल्पना तेवढी पक्की करून घ्यावी लागते, मग शंभर उदाहरणे सोडवून घेण्याची गरज राहत नाही. फक्त एक पथ्य पाळा: 'का?' हा प्रश्न बरोबर उत्तरालाही विचारा. तो केवळ चुकीच्या उत्तराला विचारला, तर दादाने 'का' म्हटले की खोडरबर उचलायचे, हे मुले आठवड्याभरात शिकतात.

मागच्या इयत्तांचा पायाही तपासून घ्या. 2/3 आणि 1/4 यांची बेरीज, −(2x − 5) चा विस्तार, (a + b) चा वर्ग, आणि 'वडिलांचे वय मुलाच्या वयाच्या तिपटीपेक्षा 5 ने जास्त आहे' या वाक्याचे समीकरण, एवढे प्रश्नसुद्धा पुरे आहेत. शेवटच्या वाक्याचे 3x + 5 होते की 3(x + 5), यावरून शाब्दिक उदाहरणांत ती कुठे अडते ते दिसते. सेमी इंग्रजीच्या मुलांकडून हे स्पष्टीकरण मराठीतच ऐका; संज्ञा इंग्रजी राहिल्या तरी हरकत नाही. या कागदाला गुण देऊ नका आणि तो पालकांना दाखवू नका, नाहीतर ती तुमच्यापासून आपली चूक लपवायला शिकेल.

उत्तर: धनकवडीचा_क्लासवाला

मास्तरांशी मी बराचसा सहमत आहे, पण एका बाबतीत इशारा द्यावासा वाटतो. 'प्रश्नच विचारा, सांगू नका' हे नव्या शिक्षकांच्या डोक्यात इतके बसते, की ज्या मुलाला त्रिकोणमितीतील गुणोत्तर म्हणजे काय हेच माहीत नाही, त्यालाही ते 'तुला काय वाटते?' असे विचारत राहतात. मुलाजवळ विचार करायला सामग्रीच नसेल, तर तो छळ होतो. नवीन प्रकरण सुरू करताना दोन-तीन उदाहरणे शिक्षकाने नीट, पायरीपायरीने, मोठ्याने विचार करत सोडवून दाखवलीच पाहिजेत.

दुसरे असे, की परीक्षा हे वास्तव आहे. आपल्या मंडळाची गणित भाग 1 आणि भाग 2 ची प्रश्नपत्रिका प्रत्येकी 40 गुणांची आणि दोन तासांची असते आणि पायऱ्यांना गुण असतात. समज उत्तम असूनही 'समजा' न लिहिणारी, सूत्र न मांडणारी, भूमितीत कारण न देणारी मुले गुण घालवतात. चौकटी भरून कृती पूर्ण करण्याच्या प्रश्नात तर दुसऱ्याने केलेली मांडणी वाचून तिचा धागा पकडावा लागतो. स्वतःच्या पद्धतीने भराभर उत्तर काढणारी हुशार मुले तिथेच गोंधळतात. तेव्हा लिहिण्याचा सराव हा शेवटच्या महिन्यासाठी राखून ठेवू नका.

उत्तर: पाषाणची_वाचक

मी शैक्षणिक मानसशास्त्राची अभ्यासक आहे. वरच्या दोन्ही प्रतिसादांत दिसणारा मतभेद संशोधनातही आहे, आणि तो बऱ्याच अंशी मिटलेलाही आहे.

एकास-एक शिकवणीचा विषय निघाला की बेंजामिन ब्लूम यांच्या 1984 मधील लेखाचा दाखला हमखास दिला जातो. त्यात शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातील 98 टक्के विद्यार्थ्यांच्या पुढे गेल्याचे मांडले होते. मात्र त्या प्रयोगांतील शिकवणीत वारंवार छोट्या चाचण्या, लगेच दुरुस्ती आणि पुन्हा चाचणी हा क्रमही अंतर्भूत होता, ही गोष्ट उद्धृत करणारे सहसा विसरतात. कर्ट व्हॅनलेन यांनी 2011 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा माणसाने दिलेल्या शिकवणीचा परिणाम 0.79 प्रमाण विचलनाइतका आढळला. म्हणजे सरासरी विद्यार्थी शंभरातील साधारण 78 जणांच्या पुढे. हाही परिणाम मोठाच आहे, पण तो शिक्षक शेजारी बसल्यामुळे आपोआप घडत नाही.

मग तो कशामुळे घडतो? मिशेलिन ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2001 मधील प्रयोग मला या संदर्भात फार महत्त्वाचा वाटतो. रक्ताभिसरण हा विषय शिकवणाऱ्यांना त्यांनी एका टप्प्यावर स्पष्टीकरण द्यायचे नाही, फक्त विद्यार्थ्याला बोलते करायचे, असे सांगितले. विद्यार्थ्यांचे शिकणे त्यामुळे कमी झाले नाही. आपण दिलेले स्पष्टीकरण हाच शिकवणीचा गाभा असतो, ही आपली समजूत त्यातून बरीच सैल होते. मात्र त्या विद्यार्थ्यांसमोर वाचण्यासाठी मजकूर होता, त्यामुळे क्लासवाल्या सरांचा 'सामग्रीशिवाय प्रश्न नको' हा मुद्दा अबाधित राहतो. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी 1985 मध्ये बीजगणितावरच केलेल्या प्रयोगांत, नवशिक्या विद्यार्थ्यांना नुसती उदाहरणे सोडवायला देण्यापेक्षा सोडवलेली उदाहरणे अभ्यासायला दिल्याने अधिक लाभ झाला. व्यवहारात दोन्ही जुळवता येतात: पहिले उदाहरण पूर्ण सोडवलेले द्यावे, दुसऱ्यातील शेवटची पायरी रिकामी ठेवावी, तिसऱ्यातील शेवटच्या दोन, आणि असे करत शेवटी कागदावर फक्त प्रश्न उरावा. प्रत्येक वेळी सोडवलेली पायरी 'अशी का?' हे मात्र विद्यार्थिनीने सांगावे.

कर्वेनगरकरांच्या मूळ प्रश्नाशी थेट संबंध असलेला अभ्यास रोडिगर आणि कार्पिके यांचा आहे. 2006 मधील त्यांच्या प्रयोगात मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांनी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत आघाडी घेतली, पण आठवड्यानंतर आठवून लिहिण्याचा सराव केलेले विद्यार्थी पुढे होते. शिकवल्यावर लगेच सोडवलेली चार-पाच उदाहरणे ही पाच मिनिटांनंतरची चाचणी आहे. तिच्यातले यश तुम्हाला आणि मुलीला, दोघांनाही फसवते. तासाची सुरुवात नव्या विषयाने करण्याऐवजी, वही बंद ठेवून गेल्या आठवड्यातले एक आणि महिन्यापूर्वीचे एक उदाहरण देऊन करा. हा भाग कंटाळवाणा वाटतो, मुलीला तो अवघड जातो आणि प्रगती मंदावल्यासारखी दिसते, म्हणूनच तो सगळ्यांत आधी वगळला जातो.

आणखी एक छोटी गोष्ट. मेरी बड रो यांनी वर्गांची ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात असे त्यांना आढळले. तीन सेकंद किंवा अधिक थांबल्यावर उत्तरे लांब आणि विचारपूर्वक येऊ लागली. समोर एकच विद्यार्थी असताना ही शांतता अधिक जड वाटते, कारण ती भरून काढायला दुसरे कोणी नसते. शिकवणाऱ्याने त्या वेळी तिच्या चेहऱ्याकडे पाहू नये, वहीकडे पाहावे.

कर्वेनगरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मास्तरांनी सुचवलेला मिश्र कागद मी काल दिला. x² = 5x हे समीकरण तिने दोन्ही बाजूंना x ने भागून सोडवले आणि उत्तर फक्त 5 लिहिले. कारण विचारल्यावर ती म्हणाली, 'दोन्ही बाजूंना सारखीच क्रिया केली की चालते ना?' यावर 'शून्याने भागता येत नाही' एवढे सांगून पुढे जावे, की अन्य काही करावे, हे मला त्या क्षणी ठरवता आले नाही, म्हणून मी ते उदाहरण पुढच्या तासासाठी राखून ठेवले आहे. दुसरा प्रश्न तिच्या वडिलांचा. पोर्शन मागे पडतो आहे असे त्यांना दिसणार, आणि फी ते देतात. त्यांना हे कसे पटवावे?

उत्तर: दहावीच्या_मुलाची_आई

वडिलांच्या बाजूने मी लिहिते, कारण माझ्या मुलालाही घरी शिकवायला सर येतात. पालकांना प्रगती दिसावी यासाठी पोर्शन हे एकच माप हाताशी असते, म्हणून आम्ही तेच विचारतो. तुम्ही दुसरे माप द्या. दर महिन्याच्या शेवटी, फी घेताना, 'या महिन्यात ती कोणाच्याही मदतीशिवाय काय करू लागली आणि अजून काय जमत नाही' हे चार ओळींत लिहून द्या आणि सोबत तिने बंद वहीने सोडवलेला एखादा कागद जोडा. 'हुशार आहे, फक्त लक्ष देत नाही' हे वाक्य कृपया लिहू नका. ते प्रत्येक शिक्षक लिहितो आणि त्यावरून घरी फक्त वाद होतात. गुणांची हमी तर मुळीच देऊ नका.

काही व्यावहारिक गोष्टी पहिल्याच महिन्यात बोलून घेतलेल्या बऱ्या. रद्द झालेल्या तासाची फी आणि भरपाई कशी, हे आधी ठरलेले असावे. गणपतीच्या दिवसांत पेठांतून वाट काढत वेळेवर पोहोचणे कोणालाच जमत नाही, त्यामुळे त्या आठवड्याचे तास आधीच हलवून ठेवावेत. तास बैठकीच्या खोलीत किंवा दार उघडे ठेवून घ्यावा, घरात मोठे माणूस असावे, आणि मुलीला संदेश पाठवायचे ते आई किंवा वडील असलेल्या गटातच पाठवावेत. यात अविश्वास नाही, दोन्ही बाजूंची सोय आहे. शिवाय पालक शेजारच्या खोलीतून उत्तरे पुरवू लागले, तर त्यांना थांबवण्याचे धैर्यही शिक्षकाकडे असायला हवे, हे मी स्वतः आई असूनच सांगते.

तुम्ही पुढे शाळेत नोकरी धरणार असाल, तर शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 28 नुसार शिक्षकांना खाजगी शिकवणी घेण्यास मनाई आहे, हेही लक्षात असू द्या.

उत्तर: निवृत्त_मास्तर

x² = 5x बद्दल. तिचा युक्तिवाद चांगला आहे आणि तो चांगला आहे हे तिला आधी सांगा; −3x = 12 वाल्या मुलांना जे कळले नव्हते, ते तिला कळले आहे. मग नियम सांगण्याऐवजी तिला मूळ समीकरणात x च्या जागी 0 ठेवायला सांगा. दोन्ही बाजू समान येतात हे तिला दिसेल आणि 'मग हे उत्तर गेले कुठे?' हा प्रश्न तिलाच पडेल. आपल्या लेखनातल्या कोणत्या ओळीत ते नाहीसे झाले, हे तिने शोधून काढावे. त्यासाठी अर्धा तास गेला तरी जाऊ द्या. त्यानंतर x² − 5x = 0 असे लिहून x(x − 5) = 0 पर्यंत ती स्वतः येईल, आणि एका बाजूला शून्य ठेवून अवयव का पाडायचे याचे कारणही तिला त्याच वाटेवर मिळेल. पुढच्या आठवड्यात 3x² = 12x देऊन पाहा, पण ते त्रिकोणमितीच्या किंवा श्रेढीच्या दोन उदाहरणांच्या मध्ये ठेवा.

पोर्शनबाबत क्लासवाल्यांचे म्हणणे मी मान्य करतो. शाळेच्या पुढे धावण्याची गरज नाही, पण मागेही पडू नये. प्रकरण शाळेत सुरू होण्याच्या आधी तिला त्याची एकदा ओळख करून दिली, तर वर्गात तिला हात वर करण्याचे बळ येते, आणि संकोची मुलीसाठी हा लाभ थोडा नाही. वडिलांना हे सांगून पाहा.

दिवाळीनंतर मात्र तुमची मदत जाणूनबुजून कमी करत न्या. जानेवारीतील पूर्वपरीक्षेच्या आधी दोन तासांची संपूर्ण प्रश्नपत्रिका तिला घड्याळ लावून सोडवू द्या आणि त्या वेळी तुम्ही खोलीत बसू नका. उत्तरपत्रिका आधी तिलाच तपासू द्या: कुठल्या पायरीला किती गुण, ते तिने समासात पेन्सिलने लिहावे. नंतर तुम्ही तपासा आणि जिथे दोघांचे गुण जुळणार नाहीत, तेवढ्याच जागांवर पुढचा तास घ्या.